कानातील अखंड आवाज : कारणांचा शोध

(कुंभिवली येथील वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून शस्त्रक्रियांची संख्या, आरोग्य शिबिरे आणि नवी यंत्रसामग्री यांचा आढावा सादर होतो. तो अहवालाच्या अन्य पानांवर आपणांस वाचावयास मिळेलच. यंदा आमच्या विभागाने बोलावे अशी सूचना आली, तेव्हा आम्ही असे ठरविले की, एकाच रुग्णाविषयी बोलावे. या रुग्णावर शस्त्रक्रिया झालेली नाही आणि तो रूढ अर्थाने बराही झालेला नाही. तरीही आम्हांस ज्या रुग्णाने सर्वाधिक शिकविले, तो हाच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांचे. राहणार याच पंचक्रोशीतले. खोपोलीच्या बाजूला पोलादाच्या एका कारखान्यात, जेथे तापलेल्या सळ्या रुळांवरून पुढे ढकलल्या जातात त्या विभागात, ठेकेदारामार्फत कामाला. घरी पत्नी, दोन मुले, थोडी भातशेती. तक्रार एवढीच की, "कानात रातकिडे ओरडतात. दिवसाही आणि रात्रीही. थांबतच नाहीत."

पहिल्या भेटीत आम्ही काय केले, ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण चूक आमची होती. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती. कानात डोकावून पाहिले तर दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला. तो काढला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "वयोमानाने असे होते, लक्ष देऊ नका" असे सांगून त्यांना निरोप दिला. मळामुळे कानात आवाज येऊ शकतो हे खरे, परंतु मळ दिसला म्हणजे कारण सापडले असे मानणे हा आळस होता. आणि "लक्ष देऊ नका" हे वाक्य तर अशा रुग्णाला कधीही सांगू नये. ज्याच्या उशाशी कोणी रात्रभर शिट्टी वाजवीत आहे, त्याने लक्ष कसे देऊ नये?

चार महिन्यांनी ते परत आले. मधल्या काळात कानांत कोमट तेल घालून झाले होते, 'नसांची ताकद वाढविणारी' इंजेक्शने घेऊन झाली होती आणि त्यांपायी एका महिन्याचा पगार गेला होता. भजनी मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना असेही समजाविले होते की, हा अनाहत नाद असावा, भाग्यवंतालाच तो ऐकू येतो. त्यावर आमच्या रुग्णाने दिलेले उत्तर आम्ही अजून विसरलेलो नाही : "साहेब, तो नाद असता तर झोप लागली असती की हो."

या वेळी त्यांच्या पत्नी सोबत होत्या. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे रात्री ओट्यावर जाऊन बसतात. कधी उठून विहिरीकडे चालू लागतात. म्हणून मीही झोपत नाही." खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. पहिल्या भेटीच्या आमच्या कागदावर या आजाराची नोंद एका ओळीत संपली होती.

त्या दिवशी आम्ही पाऊण तास फक्त प्रश्न विचारले.

येथे थोडे थांबून हा विकार म्हणजे काय, ते सांगणे इष्ट होईल. बाहेर कोणताही ध्वनी नसता कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे, यास वैद्यकात टिनिटस म्हणतात. आपल्याकडे कर्णनाद हा शब्द जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग गणले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे मानले आहेत. हा आवाज दुसऱ्या कोणास ऐकू येत नाही आणि कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, म्हणून घरच्यांना तो पुष्कळदा भ्रम वाटतो. स्मेताना या बोहेमियन संगीतकाराने १८७६ मध्ये रचलेल्या एका वाद्यचतुष्टयाच्या अखेरच्या भागात व्हायोलिनचा एक उंच, लांबलचक स्वर मुद्दाम घातला आहे. आपल्या कानात काय वाजते, ते इतरांना कळावे एवढाच त्याचा हेतू होता. आमच्या रुग्णाकडे व्हायोलिन नव्हते, त्यांच्याकडे रातकिडे होते.

हा विकार दुर्मिळही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना तो कधी ना कधी जाणवतो. त्यांतील बहुतेकांना त्याचा फारसा जाच होत नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ऐंशी व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते विचारले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचाच कान काहीतरी बोलतो. प्रश्न असतो तो हा की, एखाद्याच्याच कानाने इतका आक्रोश का करावा.

आता त्या पाऊण तासाकडे वळू. आवाज एका कानात की दोन्हींत? दोन्हींत, पण डावीकडे जास्त. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का? नाही. हा प्रश्न महत्त्वाचा असतो, कारण ठोक्याबरोबर वाजणारा आवाज रक्तवाहिन्यांशी, क्वचित कानामागच्या गाठीशी, कधी तीव्र पंडुरोगाशी निगडित असतो आणि त्याची वाटच निराळी. गरगरते का? कान भरल्यासारखा वाटतो का? नाही. तसे असते तर मेनिएरच्या विकाराचा विचार करावा लागला असता. पूर्वी मोठे आजारपण? क्षय झाला होता. औषधे मध्येच सोडली, पुन्हा झाला, तेव्हा दोन महिने इंजेक्शने घेतली. येथे आमची लेखणी थांबली. क्षयरोग दुसऱ्यांदा झालेल्यांना त्या काळच्या उपचारपद्धतीत स्ट्रेप्टोमायसिन दिले जात असे. त्या औषधाने असंख्य लोकांचे प्राण वाचविले, यांचेही वाचविले, पण आतल्या कानाला ते घातक ठरू शकते.

मग त्यांनी सहज एक वाक्य उच्चारले. "पावसाळ्यात मात्र बरं असतं. दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतं." आजवर ज्यांना ज्यांना त्यांनी हे सांगितले, त्यांनी थंडीवर खापर फोडले होते. कानाला मफलर बांधण्याचा सल्ला मिळाला होता. आम्ही विचारले, "घराला छप्पर कशाचे?" म्हणाले, "पत्र्याचं."

आपण सारे या भागातले आहात. घाटाच्या पायथ्याचा पाऊस काय असतो आणि तो पत्र्यावर रात्रभर कसा वाजतो, हे आपणांस सांगावयास नको. त्या आवाजात रातकिडे बुडून जात असत. पाऊस ओसरला, रात्री निःशब्द झाल्या की ते पुन्हा वर येत. थंडीचा यात काहीही संबंध नव्हता. पुढे हेच वाक्य उपचाराच्या कामी आले. पण तोवर कारण सापडावयाचे होते.

आमच्या श्रवणतज्ज्ञ भगिनींनी त्याच सकाळी श्रवणचाचणी केली. आलेख फारच वाईट आला. त्यांनी तो आमच्यापुढे ठेवण्याआधी रुग्णाला एक प्रश्न विचारला, जो आम्हांस सुचला नव्हता : "तुम्ही आत्ता कुठून आलात?" उत्तर आले, रात्रपाळी करून थेट. कपड्यांवर लोखंडाची काजळी होतीच. मोठ्या आवाजात काम केल्यावर काही तास कान बधिर राहतात, हे आपणांपैकी कारखान्यात काम करणाऱ्यांना ठाऊक असेल. म्हणून चाचणीपूर्वी किमान चौदा तास गोंगाटापासून दूर राहावे, असा संकेत आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी, त्यांना पुन्हा बोलाविले. या वेळी आलेख सुधारला होता, मात्र त्यातील एक खाच तशीच राहिली होती.

ती खाच समजून घेण्यासारखी आहे. या चाचणीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर एकेक करून ऐकवितात आणि प्रत्येक स्वर किती हळू असताना ऐकू येतो, ते कागदावर मांडतात. वयामुळे किंवा औषधामुळे कान गेला, तर रेषा उंच स्वरांकडे उतरत जाते आणि बहुधा शेवटपर्यंत उतरतच राहते. गोंगाटाने कान गेला, तर ती ४००० हर्ट्झच्या आसपास खोल जाते आणि ८००० पाशी पुन्हा थोडी वर येते. आमच्या रुग्णाची रेषा दोन्ही कानांत वर आली होती. यंत्राने कानावर उमटविलेला हा जणू शिक्काच. इंजेक्शनांचा काही वाटा त्यात असेलही, तो वेगळा काढून दाखविणे आम्हांस शक्य नव्हते आणि तसे आम्ही रुग्णाला स्पष्ट सांगितले.

रक्तदाब थोडा वाढलेला होता. रक्त, साखर आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठीक निघाल्या. पडदा आणि मधला कान निरोगी.

आता राहिला डावा कान. डावीकडची खाच अधिक खोल होती. त्याचे स्पष्टीकरण आमच्या हाताशी होते : रुग्णाने हाताने दाखविले की, सळ्या कापणारे यंत्र त्यांच्या डावीकडेच असते. हे स्पष्टीकरण इतके सोयीचे होते की, आम्ही त्यावर विसंबण्यास तयार नव्हतो. पहिल्या वेळी मळ असाच सोयीचा सापडला होता. दोन कानांत असा फरक असेल, तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. अशी गाठ कर्करोगाची नसते आणि ती फार थोड्यांत निघते, पण न पाहता सोडली तर पुढे जीवावर बेतू शकते. यासाठी एमआरआय आवश्यक होता. तो पनवेलला करावा लागणार आणि त्याचा खर्च ठेकेदाराच्या कामगाराला झेपणारा नव्हता. आपल्या देणग्यांतून उभा राहिलेला रुग्णसाहाय्य निधी त्या दिवशी कामी आला. कोणाच्या देणगीतील कोणता रुपया कोठे गेला हे सांगणे सहसा कठीण असते. येथे ते सोपे आहे.

(एमआरआयचे यंत्र स्वतःच कर्णकर्कश असते. त्यात शिरताना आमच्या रुग्णाच्या कानांत बोळे घातले गेले. एवढ्या वर्षांच्या कामात असे बोळे आपल्या कानांत कोणी घातल्याचे त्यांना आठवत नव्हते.)

अहवाल येईपर्यंतचे चार दिवस त्या घरात कसे गेले असतील, त्याची कल्पना रुग्णांच्या आप्तांना आहे. गाठ नव्हती. पत्नींनी हे ऐकले आणि पदर डोळ्यांना लावला. रुग्णाने मात्र लगेच विचारले, "मग आवाज का येतो?"

त्यांना आम्ही जे सांगितले, ते येथे थोडक्यात सांगतो. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात, त्या ध्वनीचे रूपांतर नसेच्या संदेशात करतात. गोंगाटाने त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वरांचे संदेश येणे थांबले की मेंदू ते ऐकण्यासाठी स्वतःची संवेदना वाढवितो. दूरचे आकाशवाणी केंद्र लागेना की आपण रेडिओची कळ पिळतो, तेव्हा गाणे येत नाही पण खरखर वाढते. रातकिडे म्हणजे ती खरखर. त्यात भीतीची भर पडली, गाठ असेल, वेड लागेल अशी, की मेंदू त्या खरखरीवर पहारा बसवितो. झोप उडते, झोप नाही म्हणून पहारा अधिक कडक होतो. रुग्णाने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे मी वेडा नाही." आम्ही म्हणालो, "मुळीच नाही."

पूर्ण बरे करणारे औषध आहे काय? नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, जस्त यांसारख्या पूरक गोळ्या या विकारासाठी देऊ नयेत, असे म्हटले आहे. आमच्या पहिल्या चिठ्ठीतील गोळ्याही त्याच पंक्तीतल्या होत्या. उपयोग होतो तो तीन गोष्टींचा. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्र, कारण बाहेरचे जग पुन्हा ऐकू आले की मेंदूला कळ पिळावी लागत नाही. दुसरे, समुपदेशन. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीने आवाज जात नसला तरी त्याचा जाच कमी होतो, असे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले आहे. आमच्या समुपदेशकांनी विहिरीचा विषय प्रथम काढला आणि मग झोपेचा. तिसरी गोष्ट रुग्णाने स्वतःच आणून दिली होती : पत्र्यावरचा पाऊस. रात्री पूर्ण शांतता ठेवू नये. पंखा चालू ठेवावा, रेडिओ अगदी हळू लावावा, मोबाइलमध्ये पावसाचा आवाज मिळतो तो लावावा. रातकिडे बुडतील इतका मोठा नको, त्यांच्या शेजारी बसेल इतकाच. मुलाने मोबाइलवर पाऊस लावून दिला, त्या रात्री सलग पाच तास झोप लागली असे त्यांनी पुढच्या भेटीत सांगितले.

येथपर्यंत सर्व ठीक होते. खरी अडचण पुढे आली.

कारण सापडले, पण ते रोज आठ तास चालूच होते. कारखान्यांसाठी आपल्याकडे घालून दिलेली मर्यादा आठ तासांस ९० डेसिबल, ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन तास अशी आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलच सुचविते, आणि आमच्या मते तेच अधिक योग्य आहे. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविण्याजोगा आजार म्हणून नोंदलेले होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. म्हणजे असा रुग्ण आढळला, तर कारखाने निरीक्षणाच्या कार्यालयाला लेखी कळविणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, इच्छेचा प्रश्न नाही.

हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा ते खुर्चीवरून उठले. "साहेब, कळवू नका. ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. कान गेले तर गेले, काम जायला नको." पत्नी काही बोलल्या नाहीत. आम्हांस काय उत्तर द्यावे ते सुचेना. ज्या माणसाचा विश्वास मोठ्या कष्टाने परत मिळविला होता, तो माणूस आमच्यासमोर हात जोडून उभा होता. आम्ही सांगितले की, कायद्याने आम्हांस दुसरा मार्ग नाही. कानात घालावयाचे बोळे दिले, ते कसे पिळून आत सरकवावयाचे हे दाखविले. यंत्रापासून दूरच्या कामावर बदली करावी, असे वैद्यकीय पत्र दिले. ते पत्र खिशात घालून ते निघून गेले. आठवड्याने ठरलेली भेट होती, ते आले नाहीत. नंतरच्याही भेटीला आले नाहीत. अहवाल आम्ही पाठविला होता. त्या काळात आमच्या विभागात या निर्णयावर बराच वाद झाला आणि तो पूर्णपणे मिटला आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एक विचार असा होता की, आधी नोकरी सुरक्षित करून मग कळवावयास हवे होते. दुसरा असा की, त्या यंत्राजवळ तो एकटाच उभा नव्हता.

दोन महिन्यांनी एका सोमवारी सकाळी ते आले. काम गेले नव्हते, कदाचित साऱ्या पाळीलाच बोळे वाटले गेले म्हणून असेल, कदाचित अन्य काही कारणाने, आम्हांस ठाऊक नाही. बदली मात्र झालेली नव्हती. रातकिडे आहेतच, पण झोप लागते, असे म्हणाले. भजनाला पुन्हा जाऊ लागले आहेत, फक्त टाळकऱ्यांपासून थोडे लांब बसतात.

त्यांच्या मागे दाराशी दोन माणसे उभी होती. एक त्यांच्याच पाळीतला, दुसरा वयाने बराच लहान, सव्वीस-सत्तावीसचा. "यांनाही ऐकू येतात," आमचे रुग्ण म्हणाले, "पण हे सांगत नव्हते." दोघेही रात्रपाळी करून थेट आले होते. श्रवणतज्ज्ञ भगिनींनी त्यांना चाचणीच्या खोलीत घेतले नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी यावे, अशी वेळ त्यांना लिहून दिली.